पुकारा मालकाचा

मोटारींच्या शर्यतीचे सिनेमे मी शाळेत असल्यापासून बघत आले. परदेशातले, हिंदीत डब केलेले, रविवारी दुपारी टीव्हीवर लागायचे. गोष्ट ठरलेली. दोन ड्रायव्हर. एकाचे केस विस्कटलेले, डोकं गरम, मरणाची भीती नाही. दुसरा थंड, मोजून बोलणारा, चाकाचा नटसुद्धा स्वतः तपासणारा. दोघं एकमेकांना पाण्यात पाहतात. मधे कोणाला तरी अपघात होतो, मग एक शर्यत भर पावसात होते, आणि शेवटी हरलेला येऊन जिंकलेल्याच्या खांद्यावर हात ठेवतो. सगळं तोंडपाठ होतं, तरी आवडायचं. एकाच गोष्टीवर मी दरवेळी चिडायचे. अगदी शेवटच्या क्षणी हिरो ॲक्सिलरेटर आणखी दाबतो आणि गाडी पुढे निघते. मग इतका वेळ काय शेंगा खात बसला होता?

आणि ती कठड्याशी उभी असलेली बाई. प्रत्येक सिनेमात असते. डोक्यावर टोपी, हात तोंडावर, डोळे भरलेले. गाडी घसरली की गाडीऐवजी तिचा चेहरा दाखवतात. तेव्हा मला तिचं काही वाटायचं नाही. आता असला सिनेमा लागला की मी रिमोट शोधते, कारण असा एक सिनेमा माझ्यावर निघाला आहे आणि त्यात मी कठड्याशी उभी आहे.

वरूडच्या बाजूला आमची संत्र्याची बाग आहे. माहेर अंजनगाव सुर्जीकडचं. तिथे वडिलांचा ट्रॅक्टर मीच चालवायचे, त्यामुळे लग्न होऊन आले तेव्हा सासरच्या ट्रॅक्टरवर बसायला मला कोणी शिकवायची गरज पडली नाही. नवरा बागेतला जाणता माणूस. झाडाखाली उभा राहून वर बघेल आणि फळ किती निघेल ते सांगेल. व्यापाऱ्याशी बोलण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. ट्रॅक्टर सरळ चालवायचा असेल तर नागपूरपर्यंत नेईल. पण मागे ट्रॉली जोडलेली असली आणि रिव्हर्स घ्यायची वेळ आली, की तो उतरतो आणि मला हाक मारतो.

ट्रॉलीचा रिव्हर्स म्हणजे डोक्याला ताप असतो. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रॉली उजवीकडे जाते. ती जास्त वळायच्या आत स्टिअरिंग उलटं फिरवून तिला आवरावं लागतं. जरा उशीर झाला की ट्रॅक्टर आणि ट्रॉली कात्रीसारखे मिटतात आणि मग उतरून शिव्या देण्यापलीकडे काही करता येत नाही. आमच्या बागेत झाडांच्या दोन ओळींमध्ये ट्रॉली वळवायला जागा नाही. क्रेट भरायला आत नेली की तशीच मागे मागे धुऱ्यापर्यंत, शेताच्या बांधापर्यंत, आणायची. दोन्ही बाजूंनी फांद्या फळांनी वाकलेल्या असतात. ट्रॉलीचा काठ फांदीला घासला की संत्री पटापट खाली पडतात, आणि पडलेल्या फळाला व्यापारी हात लावत नाही. हे काम मी इतकी वर्षं करते आहे की माझी मान मागे वळलेलीच बरी वाटते.

आमच्याकडे यात्रेत शंकरपट भरतो, बैलांच्या शर्यती. काही वर्षांपासून त्याच मैदानावर, पट संपला की, ट्रॅक्टर रिव्हर्सची शर्यत होते. चुन्याची फक्की मारून वाकडातिकडा रस्ता आखतात, दोन्ही बाजूंना ड्रम ठेवतात, आणि ट्रॉलीसकट ट्रॅक्टर मागे मागे नेऊन शेवटच्या चौकोनात उभा करायचा असतो. ड्रमला चाक लागलं की बाद. सगळ्यांत कमी वेळात जो पोचेल तो जिंकला. यात्रा कमिटीचे अध्यक्ष म्हणजे आमचे माजी सरपंच, नात्याने माझे चुलतसासरे, मी त्यांना मामाजी म्हणते. त्यांनी पटाचे सगळे रिवाज ट्रॅक्टरलाही लावले. पटात बैलजोडीच्या मालकाच्या नावाने पुकारा होतो, जोडी हाकणाऱ्याचं नाव कोणी घेत नाही. तसंच ट्रॅक्टरचं. माईकवाला मालकाचं नाव आणि गाव पुकारतो. सीटवर कोण बसलंय याच्याशी माईकला देणंघेणं नाही.

मी पहिल्यांदा उतरले त्या वर्षी शेवटी दोघंच राहिलो. मी आणि अकोल्याकडचा एक ड्रायव्हर. हा माणूस एका कापूस व्यापाऱ्याच्या ट्रॅक्टरवर होता. हंगामात कापसाने भरलेल्या ट्रॉल्या जिनिंगच्या आवारात रांगेत अशा खेटून उभ्या असतात की मधून एक बोट जाणार नाही. तिथे हा रोज रिव्हर्स घ्यायचा. बारीक अंगाचा, तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळणारा, गंभीर चेहऱ्याचा माणूस. त्याने वेळ छान दिली होती. मी त्याच्यापेक्षा कमी वेळात पोचले. पोरांनी टोप्या उडवल्या, बायका उठून उभ्या राहिल्या, आणि माईकवर नवऱ्याचं नाव दुमदुमलं. मी सीटवर बसून ऐकलं. हसूही आलं, रागही आला. पण बक्षिसाची ढाल आमच्या घरी आली होती आणि मैदानातल्या प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून मी गप्प बसले. पाहिलेलं विसरायला लोकांना किती कमी वेळ लागतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात पुण्याहून एक सिनेमावाला आला. त्याने कोणीतरी मोबाइलवर घेतलेली शर्यत पाहिली होती. पाहिली म्हणजे ऐकली असणार, कारण व्हिडिओत धुरळाच जास्त होता आणि माईकचा आवाज स्वच्छ. गाडीतून उतरल्या उतरल्या त्याने मला विचारलं, "ताई, मिस्टर आहेत का? चॅम्पियन?"

मी त्याला अंगणात बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की ट्रॅक्टरवर मी होते. नवऱ्यानेही सांगितलं. तो हसला, वहीत काही लिहिलं नाही, चहा प्यायला. मग म्हणाला, "हे फारच इंटरेस्टिंग आहे. पण प्रेक्षकांना पटायला हवं ना, ताई. दोन पुरुषांची जिद्द असली की संघर्ष उभा राहतो. बाई आली की सगळा सिनेमा बाईचा होतो."

"मग होऊ द्या ना बाईचा," मी म्हटलं.

"तो वेगळा सिनेमा झाला," तो म्हणाला.

शूटिंग आमच्याच भागात झालं, बहुतेक परतवाड्याच्या रस्त्यावरच्या एका पडीक शेतात. आम्ही दोघं एक दिवस बघायला गेलो. दोन ट्रॅक्टर, ट्रॉल्या काढलेल्या, सरळ पुढे पळत होते. मी विचारलं, रिव्हर्स कुठे आहे? कॅमेऱ्याजवळचा एक जण म्हणाला, रिव्हर्सला स्पीड दिसत नाही, म्हणून शर्यत सरळ केली. म्हणजे मी तर गेलेच होते, शर्यतही गेली होती. मग राहिलं काय? नवऱ्याला म्हटलं, चला इथून. तो म्हणाला, आता आलोच आहोत तर जेवून जाऊ. जेवण चांगलं होतं, तेही मला आवडलं नाही.

सिनेमा लागला तेव्हा अमरावतीत दुपारचा खास खेळ ठेवला होता. गावातले बरेच लोक गेले, मामाजी पहिल्या रांगेत. पडद्यावर नवऱ्याच्या जागी एक दंड फुगवलेला नट. त्याची बायको संत्र्याच्या झाडाखाली डबा घेऊन उभी. शर्यतीच्या वेळी ती बांबूच्या कठड्याला धरून देवाचं नाव घेते. अकोल्याच्या ड्रायव्हरचा केला होता श्रीमंत बापाचा माजलेला पोरगा, आणि तो रात्री येऊन हिरोच्या ट्रॅक्टरचा ब्रेकचा पाइप कापतो. शेवटी हिरो ब्रेकशिवाय जिंकतो. कसा, ते मला विचारू नका. हो, अगदी शेवटी तो ॲक्सिलरेटर आणखी दाबतो. थिएटरात शिट्ट्या पडल्या, आणि शिट्ट्या मारणारे अर्धे लोक त्या दिवशी मैदानात हजर होते. मला वळून त्यांची एकेकाची गचांडी धरावीशी वाटत होती.

सिनेमा संपल्यावर पडद्यापुढे छोटा कार्यक्रम झाला. "खऱ्या चॅम्पियन"ला बोलावलं. नवरा उठला. त्याला शाल, नारळ, फोटो. मला खण-साडी आणि वहिनींनी दिलेल्या साथीबद्दल टाळ्या. साथ! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तरी मला वाटत होतं की आता हा बोलेल. माईक त्याच्या हातात होता. तो म्हणाला, "सगळ्याइचे लय आभार." आणि खाली आला.

आम्ही गाडीने वरूडकडे निघालो. फाट्यावर त्याने गाडी थांबवली आणि म्हणाला, "गांगरलो वं मी. एवढे लोकं पाहून राह्यले होते."

"ढाल घेतानी नाई गांगरले," मी म्हटलं.

"ते तर माईकवाल्यानं पुकारलं होतं."

"तुमी होते का सीटवर? का बसले होते मांडीवर माह्या?"

त्याने गाडी सुरू केली. शाल घरी येऊन कपाटात गेली. साडी मी शेजारच्या मुलीला दिली, तिचं लग्न ठरलं होतं.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. बाजारात नवऱ्याला लोक हिरो म्हणून हाका मारायला लागले. सुरुवातीला तो नाही नाही म्हणायचा, नंतर नुसता हसायचा. मी ट्रॉली रिव्हर्स घेत असताना एक नवीन व्यापारी बागेत आला होता. तो नवऱ्याला म्हणाला, "वहिनींनाही शिकवलं वाटतं तुम्ही." मी ट्रॅक्टर बंद केला आणि घरात निघून गेले. अर्धवट बाहेर निघालेली ट्रॉली संध्याकाळपर्यंत तशीच ओळीत उभी होती. व्यापारी गेला, मजूर ताटकळले, नवरा दारात येऊन उभा राहिला, पण मी उठले नाही. त्याला उतरून हाक मारता येते, तसं मलाही त्या हाकेला ओ न देता बसता येतं.

मग एके दिवशी अकोल्याहून फोन आला. नंबर त्या ड्रायव्हरने शर्यतीनंतर नवऱ्याकडून घेतला होता, संत्र्यांसाठी. नवऱ्याने फोन माझ्या हातात दिला. पलीकडून नमस्कार वगैरे काही नाही.

"वहिनी, मी कवा पाइप कापला?"

मी म्हटलं, "तुमी नाई कापला, दादा. ते सिनेमावाले."

"आमच्या जिनिंगवाल्याइनं मले धरून नेलं पाहाले. चाल, तुह्यावर सिनेमा हाय म्हने. आता पोट्टे मले पाइपकाप्या म्हनून राह्यले." तो थांबला, बहुतेक खर्रा थुंकायला. "अन् दुसरी गोष्ट. बाईकडून हरला, बाईकडून हरला, हे मी दोन हंगाम ऐकून घेतलं. रांगेत उभा राहून ऐकलं, जेवतानी ऐकलं. कोनाले उलटून बोललो नाई, कावून का ते खरं होतं. आता म्हनतात तू त्या माणसाकडून हरला. तो माणूस तर तुमच्या ट्रॅक्टरच्या बाजूले उभा होता, पानी पिऊन राह्यला होता. मी काय त्याच्याकडून हरलो?"

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी माझ्याइतकं चिडलं होतं. मला त्याचा राग ऐकून इतकं बरं वाटलं की मी खुर्ची ओढून बसले.

"औंदा येता का?" मी विचारलं.

"येतो ना. पन तुमी बसान तरच."

या वर्षीच्या यात्रेला मैदान गच्च भरलं होतं. सिनेमामुळे लांबलांबचे लोक आले होते, आणि त्यांना हिरो बघायचा होता. मी ट्रॅक्टर रेषेवर नेऊन उभा केला. माईकवाल्याने नवऱ्याचं नाव पुकारलं. लोक ओरडायला लागले, हिरो, हिरो. मी इंजिन बंद केलं, चावी काढली, उतरले आणि मांडवापर्यंत चालत गेले. डोक्यावरचा पदर मी नीट केला, कारण समोर मामाजी होते. बाकी काही नीट नव्हतं.

"मामाजी, चालवनाऱ्याचं नाव पुकारा," मी म्हटलं.

"सूनबाई, पुकारा मालकाचाच होते. आज्यापंज्यापासून हेच हाय. पटात बैल हाकनाऱ्याचं नाव घेतो का आपन?"

"घ्या ना मंग त्याचंबी. कोनी मना केलं?"

"हे काय बोलनं झालं? मागं लोकं खोळंबले. जा, गाडी लाव."

मागे लोक खरंच खोळंबले होते, शिट्ट्या सुरू झाल्या होत्या. मी वळले. नवरा मांडवाच्या बांबूशी उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. मी चावी त्याच्या हातात कोंबली. "मालक हाय ना तुमी? तुमचंच नाव पुकारलं. बसा. घ्या मागं."

लोकांना वाटलं हिरो निघाला. टाळ्या वाजायला लागल्या. पोरं ड्रमवर चढली. नवऱ्याने एकदा ट्रॅक्टरकडे पाहिलं, मागच्या ट्रॉलीकडे पाहिलं, त्या वाकड्यातिकड्या फक्कीकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, आता हा पुन्हा आभार मानणार, आणि तसं झालं तर मी आजच माहेरी जाईन. हे मी नुसतं म्हणून म्हणत नव्हते.

त्याने जाऊन माईकवाल्याच्या हातातून माईक घेतला. कर्णा कर्कश शिट्टीसारखा ओरडला. मग त्याचा आवाज आला.

"मालक मी हावो," तो म्हणाला. "मले रिवर्स येत नाई."

मैदानात कोणाला काही कळेना.

"मले ट्रॉलीचा रिवर्स येत नाई. कवाच नाई आला. तवाची ढाल माह्या बायकोनं आनली. सिनेमा खोटा हाय. मालकाचं नाव पुकारत असान, तर मालक सांगून राह्यला का माहं नाव घेऊ नका."

आधी कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळं मैदान हसलं. असं हसले की मामाजींनी मान खाली घातली. नवरा माईक धरून तसाच उभा होता, कान लाल झालेले, आणि ते हसू त्याने पुरतं ऐकून घेतलं. तेवढ्यात रेषेवरून अकोल्याचा ओरडला, "आमच्याबी मालकाचं घेऊ नका! त्याले तर टॅक्टरचा रंगबी ठाऊक नसन!" त्यावर आणखी हशा पिकला. मामाजींनी हाताने माईकवाल्याला एवढंच खुणावलं, की घे बाबा, काय नाव घ्यायचं ते घे.

माईकवाल्याने माझ्याजवळ येऊन नाव विचारलं. इतकी वर्षं गावात राहून त्याला माझं नाव माहीत नव्हतं, वहिनीच म्हणत आला होता. मी सांगितलं. नवऱ्याने चावी परत दिली.

अकोल्याचा आधी गेला. सगळी वळणं त्याने एका लयीत घेतली, एकदाही थांबला नाही. त्याने वेळ माझ्या मागच्या वेळेपेक्षाही कमी दिली. मग मी. पहिलं वळण ठीक, दुसरं ठीक. माझ्या डोक्यात तो सिनेमावाला होता, ती साडी होती, तो व्यापारी होता. ते सगळे माझ्या ट्रॉलीत बसल्यासारखे होते आणि मला त्यांना कुठेतरी नेऊन आपटायचं होतं. शेवटच्या वळणावर घाईत स्टिअरिंग उलटं फिरवायला मला जरासा उशीर झाला. ट्रॉलीचं मागचं चाक ड्रमला लागलं. ड्रम आडवा झाला आणि घरंगळत फक्कीवर आला.

कर्णा खरखरला. माईकवाल्याने माझं नाव घेतलं. आधी माझं, मग नवऱ्याचं, मग आडनाव आणि गाव, सगळं सावकाश, शाळेत हजेरी घेतात तसं. आणि पुढे म्हणाला, "बाद!"

मी स्टिअरिंगवर मूठ आपटली. इतका संताप मला सिनेमाचाही आला नव्हता. अकोल्याचा चालत माझ्या ट्रॅक्टरपर्यंत आला. त्याने हात मिळवला नाही, खांद्यावर हात ठेवायचा तर प्रश्नच नव्हता. खर्रा गालात सरकवून म्हणाला, "शेवटच्या वळनाले घाई केली, वहिनी."

"माहीत हाय मले!" मी त्याच्यावर खेकसले.

"मंग झालं तर," तो म्हणाला, आणि स्वतःच्या नावाचा पुकारा ऐकायला मांडवाकडे गेला.

दोन दिवसांनी वरूडच्या बाजारात मी मेथी घेत होते. भाजीवाली ओळखीची नव्हती. जुडी पिशवीत टाकता टाकता तिने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"कावून वं बाई, पटात त्या बाद झाल्या, त्या तुमीच ना?"

"हो," मी म्हटलं, "मीच."